धड माजं, तोंड तिचं

— मंग ठेवून दाखव ना इस्वास! एका तरी शब्दावर ठेवून दाखव, ह्या टोपलीतला सगळा जवळा तुला फुकट देते. न्हाय ठेवनार तू. कोनीच ठेवत न्हाय, ह्या अख्ख्या बंदरावर कोनी न्हाय. विचार कोनालाबी, ठमीआजी खरं बोलते का — हसतील. मी चौथी शिकले हे बी मानत न्हायत, तिसरी बोलतात. बस, उभ्यानं काय बोलतेस, बस त्या टोपलीवर — हळू हां, आत चिंबोऱ्या हायत, जित्या — आयव! उडाली कशी बघा! रिकामी हाय गो, रिकामी, बस. हे बघ, ह्याच्यासाठीच कोनी इस्वास ठेवत न्हाय. पन करू काय, तुजं तोंडच असं भोळं, मला राहवलं न्हाय. चहा सांगू? सांगते. पातेलं कोळंबीचंच असतं त्याचं, पन दूध ताजं. — हसली! हां, आता बरं झालं. तर तुला मितेशनं धाडलं ना? थांब, सांगू नकोस, मितेशनंच. शूटिंगवाल्यांना गाड्या तोच पुरवतो, तुमच्यासारख्या मोबाईलवाल्यांना इकडं तोच धाडतो. तू ते पिक्चरचं सांगतेस ना मोबाईलवर, चांगलं काय, वाईट काय? मंग मला विचार की. मी तीनदा बघितलाय. नाव नको विचारू, इंग्रजी हाय, माज्या जिभेला येत न्हाय.

चांगलं आधी सांगते, उगाच बोलशील म्हातारी नुसती जळते. बर्फाच्या कारखान्यातली फाइट. ती लाल कपड्यातली पोरगी लाद्यांवरून घसरत येते नि गुंडाच्या पायांमधून पार निघून जाते — ती खरी घसरली हाय, दोरी न्हाय, काय न्हाय. मी तीस वर्सं बर्फ वाहिलाय डोक्यावर, बर्फावर मानूस कसा पडतो मला ठाऊक हाय — आधी ढुंगन जातं, मंग कोपर, मंग इज्जत. तिचं कोपर गेलं ते मी बघितलं. सगळं थेटर हिरोसाठी ओरडत होतं, मी त्या पोरीसाठी शिट्टी मारली. येते मला शिट्टी, मारू? राहू दे, कुत्रे येतात. आनि ही इथली, धक्क्यावरची लांबलचक फाइट — मधी कुठं तोडलेली न्हाय, कॅमेरा नुसता मागं मागं, एक मानूस पिंपात, एक जाळ्यात, एक टेम्पोच्या टपावरून खाली. त्या पोरांनी चार दिवस तेच केलं. संध्याकाळी शर्ट काढायचे तेव्हा पाठी बघायच्या, निळ्या, मोरी माशाच्या पाठीसारख्या. मारनारा एक, मार खानारे चाळीस, नि सगळं काम त्या चाळीस जनांनी केलेलं. हे लिही. मार खानारी मानसं लय चांगली होती त्या पिक्चरमधी, असं लिही.

वाईट? वाईटाला तुज्या मोबाईलची बॅटरी पुरायची न्हाय. हा धक्का बघ — शेवाळ, त्याच्यावर खवलं, त्याच्यावर बर्फाचं पानी. मी साठ वर्सं चालते इथं नि आठवड्यातनं एकदा आपटते. तो हिरो बूट घालून गरागरा फिरतोय, तीन-तीन लाथा हवेत — एकदा तरी घसर की रे बाबा, आमच्या धक्क्याचा मान राख! घाम न्हाय, केस हलत न्हाय. आनि बोंबलाच्या काठ्यांमधली फाइट बघितलीस? बोंबील कशानं लावलेले? चिमट्यानं! कपड्याच्या चिमट्यानं, हिरवे-पिवळे! अगो, बोंबलाला चिमटा लागतो होय? दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा नि टाकायचे काठीवर, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला — नवराबायको भांडल्यावानी तोंडात तोंड, सुटत न्हायत. तिकडं हिरोनं बारा मानसं लोळवली नि आमच्या बायका ओरडतायत, चिमटे बघा, चिमटे! आनि तो आवाज — ठोसा मारला की सुका पापड मोडल्यासारखा. खऱ्या माराला आवाज नसतो. मी माज्या नवऱ्याला एकदा भर बाजारात सुरमईनं हानला होता, चार किलोची सुरमई, नुसतं पच् झालं. पन दोन दिवस बोलला न्हाय मेला. आनि सगळ्यात वाईट, मारामारी येवढी की शेवटी कोन कोनाला कशासाठी मारतंय तेच कळंना. ह्याचा बाप मारला होता की होडी जाळली होती? मी शेजारच्या केसरला विचारलं, ती बोलली गप बस, मला बी ठाऊक न्हाय.

— हां हां, आलं ध्यानात, तुला उडीचं विचारायचंय. मघापासून तुजं तिकडंच चाललंय. सगळी तेच बघतात मोबाईलवर, ती उडी. हिरोची आजी, मागं कोयते घेऊन चौघं, ती ट्रॉलरच्या टोकावर पळत जाते नि दोन होड्यांच्या मधी जी फट हाय तिच्यात — धप्प. दोन पुरुष उंच. खाली पानी किती, तर भरती असली तर पुरेसं, नसली तर चिखल. ती मी.

बघ! बघ, भुवई वर गेली तुजी! मी काय बोललेले? ठेवत न्हाय कोनी. ते पांढरं लुगडं नि त्या पोटऱ्या, डाव्या पोटरीवर निळी शीर हाय जाडजूड — ही बघ, हात लावून बघ, लाजू नको — ती माजी. धड माजं, तोंड त्या नटीचं. कम्प्युटरनं लावलं, मुंबईत बसून. नटी तर बिचारी पान्याला घाबरायची, बादलीतल्या पान्याला बी. आधी त्यानी त्यांच्या एका पोराला लुगडं नेसवलं, पन पोरगं पळालं की कळायचं, पोरगंच पळतंय. फाइट मास्तर बोलला, हे लुगडं पळतंय, म्हातारी पळत न्हाय. हुशार मानूस. बोलला, मला खरीखुरी पासष्टीची बाई पायजे, जिला पान्याचं भ्या न्हाय. तोंड दिसनार न्हाय हे कागदावर लिहिलं होतं — होतं, मी कशाला खोटं बोलू, वाचता येतं मला. पन तेव्हा मी कागद वाचत नव्हते, मास्तरच्या मिशा बघत होते. म्हनून सांगते, पिक्चरवाल्यांवर माजा राग न्हाय. परकी मानसं ती, चार दिवस आली नि गेली, पैसे दिले, जेवन दिलं, जाताना मास्तर माज्या पाया बी पडला. फसवतं ते परकं मानूस न्हाय गो. परकं मानूस फसवतं तेव्हा त्याला गिऱ्हाईक बोलतात.

तू सोनाबाईला बघितलंस का? ती तिकडं, बर्फाच्या पेटीच्या पल्याड, पाठ करून बसते. बघू नको! एकदम मान नको वळवू, हळूच बघ. ती आनि मी चाळीस वर्सं एका फळीवर बसलो. एक फळी, एक छत्री, गिऱ्हाईक तिच्याकडं आलं तर मी बोलायची हिचा माल शिळा, माज्याकडं आलं तर ती बोलायची हिला वजन करता येत न्हाय, आनि दोघींचा माल खपायचा. लहानपनी खडकावर कालवं काढायला बी दोघीच. आता दोन महिने झाले, पलीकडं जाऊन बसलीय. बोलत न्हाय. मी पन न्हाय बोलत. मी कशाला बोलू? मी काय केलंय?

ऐक. शूटिंगच्या दिवशी धक्का बंद केलेला, दोरी बांधून, गावचं कोनी आत न्हाय, मोबाईल सगळ्यांचे काढून घेतलेले. मला बोलले, आजी, सोबत एक बाई आना. मी सोनाबाईला नेली. तिच्या हातात माजं कोरडं लुगडं, टॉवेल, खोबरेल. मितेश बी दोरीच्या बाहेर, गाड्यांपाशी. म्हनजे उडी बघितली ती गावातल्या एकाच मानसानं. ध्यानात ठेव हे. तर पयली उडी. मी वर गेले ट्रॉलरवर, मागं कोयतेवाले, मास्तर ओरडला चल आजी, मी पळाले — लय मस्त पळाले — आनि टोकाला गेले नि आपसूक वाकले, नाळेला हात लावला, हात कपाळाला लावला, नि मंग उडी. नाळ म्हनजे होडीचं पुढचं टोक गो. होडीवरनं उतरायचं म्हनजे नाळेला हात लावून उतरायचं, चढताना बी तेच. आमच्यात तान्ह्या पोराचा हात धरून आई लावते. मी काय इचार करून केलं? हात आपला आपन गेला. पान्यातनं वर आले तर मास्तर डोक्याला हात लावून बसलेला. बोलला, आजी, उडी एक नंबर, पन मागं खुनी लागलेत नि तुमी पाया काय पडताय? थेटरात लोक हसतील. बरोबर होतं त्याचं. बोलला, दुसऱ्यांदा मारा, हात न लावता.

आनि मी मारली. हात न लावता. असा मुठीत धरून ठेवला होता मी माजा हात, तेव्हा कुठं राहिला. त्या उडीला खांदा आपटला माजा, बाजूच्या होडीच्या टायरवर. टायर होता म्हनून, न्हायतर आज तुला हे भूत सांगत असतं. वर आले तर सोनाबाई रडत होती. लुगडं माज्या भोवती गुंडाळलं, तेल लावलं खांद्याला, चोळत होती नि रडत होती. मी बोलले अगो सोने, मेले न्हाय मी. मला वाटलं काळजीनं रडते. कशानं रडनार मंग?

पिक्चर आला गनपतीनंतर. सगळ्या गावाला मी सांगून ठेवलेलं. दोन टेम्पो करून माणगावला गेलो, बायका, पोरं, केसर, सोनाबाई, मी नवीन लुगडं नेसलेले, गजरा सुदीक — हसू नको. उडी आली. धड माजं, तोंड तिचं. मी उभी राहून ओरडले, ती मी! ती मी हाय! आनि केसर बोलली — अंधारात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली — ठमे, बस खाली, ती बाई नाळेला हात न लावता उतरली. कोळ्याची बाई असं करंल? झालं. सगळ्यांनी तेच बघितलेलं गो! बाहेरचं मानूस बघतं कोयते, बघतं उंची, बघतं पानी कसं उडालं. आमच्या लोकांनी बघितला हात. हात लावला न्हाय. शहरातली कोनीतरी. थेटराच्या बाहेर वडापावच्या गाडीवर सगळी जमली, सगळी सोनाबाईकडं वळली — काय गो सोनाबाई, तू होतीस ना तिथं? ही होती का ती? मी तिच्याकडं बघत होते. हसत होते मी, इतकी खात्री. आनि तिनं वडा खाल्ला, पुरा खाल्ला, हात पुसला कागदाला, नि बोलली, ठमी नाळेला हात लावल्याबिगर कधी उतरली न्हाय.

येवढंच. ह्याच्या पुढं एक शब्द न्हाय. खोटं बोलली का? न्हाय! तेच तर! खोटं बोलली असती तर मी तिची झिंजी धरली असती. साठ वर्सांत पयल्यांदा उतरले मी तशी, तिच्या डोळ्यांदेखत, नि तिनं माज्याकडं न बघता ते सांगितलं. येताना टेम्पोत सगळी गात होती. म्हसळ्यापर्यंत गात होती. आता पोरं रस्त्यात ओरडतात, ठमीआजी, उडी मार! माजी सून बोलते, आई, मान्य करा की गंमत केलीत, लोक विसरतील. गंमत! मी जल्मभर गंमत केली, भटाच्या पिशवीत खेकडा सोडला, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं पूल पडला, सगळं पचलं — आनि एकदा, एकदाच खरं केलं — खरं हातापायानं केलं, खांदा अजून वर जात न्हाय, हा बघ, इथपर्यंत जातो — तेवढी एकच माजी गंमत बोलतात. आनि एक बाई हाय जी बोलली असती, व्हय, मी बघितलं, ही होती. एका वाक्याचं काम. ती वडा खात बसली.

— का? का केलं तिनं असं? हे तू मला विचारतेस? मला कसं ठाऊक? जळली असंल. वय झालं की मानसं जळतात. उडी माज्याकडं आली, तिच्याकडं न्हाय आली, मंग — माज्याकडं कशी आली म्हनजे? माज्या रूपाकडं बघून आली. बघ की, अजून गालावर खळी पडते. — बरं, रूप न्हाय, अंगकाठी. नटीच्या मापाची होते. — अगो येवढं काय डोळे लावून बघतेस, पोलिसात हायस का? न्हाय ना? मोबाईल बंद हाय? ठेव तो खाली. उलटा ठेव.

मितेश सोनाबाईला शोधत आला होता. झालं समाधान? सगळ्या बंदराला ठाऊक हाय, पान्यात उडी मारायची तर सोनाबाईनं. ती चौदा वर्सांची होती तेव्हा त्या टेकडीच्या खडकावरनं मारायची — तो, काळा दिसतो तो — आनि पानी उडायचं न्हाय. सुरी मारल्यासारखी जायची आत. मी मारली की सगळा किनारा भिजायचा. लगीन झाल्यावर तिच्या सासऱ्यानं बंद केलं. पन डोळा तसाच हाय तिचा, भरतीला त्या खडकाकडं बघत बसते अजून. तर मितेश आला, ती नेमकी म्हसळ्याला गेलेली, मी एकटी फळीवर. बोलला सोनाआजी कुठं, पिक्चरवाल्यांना उडी मारनारी पायजे. आनि माज्या तोंडातनं — मला ठाऊक न्हाय कुठनं आलं — माज्या तोंडातनं आलं, तिला चक्कर येते रे बाबा. गेल्या महिन्यात इथंच पडली, कोनाला सांगू नको बोललीय, तू बी सांगू नकोस. गंमत होती! खरं सांगते, गंमत होती. संध्याकाळी ती आली की सांगनार होते, दोघी हसलो असतो, सकाळी तिला पाठवलं असतं. पन मितेश तिथंच बोलला, मंग आजी, तू येशील का? आनि त्यानं मला गाडीत पुढं बसवलं, ड्रायव्हरच्या शेजारी. तिथं एक पोरगी टेप घेऊन माज्या खांद्याचं माप घेत होती, हलू नका आजी, बोलत होती. माजं माप कोनी घेतलं होतं कधी? संध्याकाळी सोनाबाई आली तर मी बोलले, सोने, मला घेतलं गो पिक्चरमधी, त्यानी मलाच विचारलं. ती बोलली, बरं झालं. पेढा मागितला. आनि मी तिला — मी तिला लुगडं धरायला नेलं.

पन तिला ठाऊक न्हाय हे. मितेश बोलनार न्हाय, त्याला मी दम दिलाय. म्हनजे तिनं ते ठाऊक नसताना केलं, कायबी कारन नसताना, समजलं? ते येगळं. तू पन बोलायचं न्हाय. मोबाईलवर उडीचं सांग, माजं नाव सांग, पन हे — काय? काय गो, मघापासून तोंड उघडतेस नि मिटतेस माशासारखी. बोल. — मितेशनं न्हाय? मंग कोनी धाडलं तुला?

कोन सोनाबाई?

ह्या सोनाबाईनं? कधी? आज सकाळी? — तू आधी तिच्याकडं गेलेलीस? आनि मघाशी मी तुला बोलले बघू नको तर बघितलं न्हायस, गप बसलीस... काय बोलली ती? न्हाय, तसं न्हाय, तिच्या शब्दांत सांग. जसं बोलली तसं. — 'उडी ठमीनं मारली. दोन्ही उड्या. मी होते तिथं.' असं बोलली? तुला बोलली, परक्या पोरीला, वडापावच्या गाडीवर चाळीस मानसांत न्हाय... अजून? अजून काय बोलली, सांग ना, थांबतेस कशाला —

'आनि लिहायचंच असंल तर हे पन लिही, मला चक्कर येत न्हाय.'

परत सांग.

न्हाय, नको. नको सांगू.

कधीपासनं ठाऊक होतं तिला, ते बोलली? पेढा मागितला तेव्हा? लुगडं धरलं तेव्हा? — न्हाय विचारलंस. तू कशाला विचारशील.

ऊठ. टोपली दे ती इकडं. चहा आला तर मी पिते. त्या बाजूनं जाऊ नको, तिच्या समोरनं नको जाऊ, इकडनं जा, जाळ्यांच्या मागनं. बघतेस काय? जा आता. जा बोलले ना, जा.